दुपारचं बंद दार

चिंचपोकळीच्या त्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावायची पद्धत नाही. दार बंद म्हणजे माणसं गावाला गेली, नाहीतर आत भांडण जुंपलंय, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. कमल राणेचं दार तर सकाळी नळाला पाणी यायच्या आधी उघडायचं, ते रात्री मालिका संपेपर्यंत सताड. नवरा गेलेला, लेक अनुजा लग्न होऊन वडाळ्याला, त्यामुळे घरात बाई एकटी. पण एकटी कसली! अख्खा मजला कामावर जाताना हिच्याकडे किल्ल्या टाकून जाणार. कुणाचं पार्सल, कुणाचा सिलिंडर, कुणाची शाळेतून आलेली पोरं. “तू घरीच असतेस ना,” एवढं म्हटलं की काम झालं. आणि ही बया कुणाला नाही म्हणेल तर शपथ.

मग एके दिवशी ती मोरीत चक्कर येऊन पडली. परळच्या इस्पितळात तपासण्या झाल्या, हृदय थकलंय असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, गोळ्या अर्धंच काम करतील, बाकीचं तुमच्यावर. रोजच्यातलं काय काय सोडाल? कमलनं पुष्कळ डोकं खाजवलं, पण सोडण्यासारखं एकही काम तिला सापडेना. शेवटी बाईंनी विचारलं, नळ गेल्यावर काय करता? पिंपातलं पुरवून वापरतो, कमल म्हणाली.

“मग अंगातली ताकदही तशीच पुरवून वापरा. आणि जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं. दार लावून.”

दार लावून म्हणे! बाई नक्की फ्लॅटमध्ये राहत असणार.

तरी कमलनं जमवलं. पोळ्या बसून लाटू लागली, चादरी धुणं लेकीवर सोपवलं. सिलिंडर घ्यायला जमायचं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हणाली तेव्हा तिचेच कान तापले. दुपारी आधी नुसता पडदा ओढून पाहिला. पडद्याला कोण विचारतो? पडदा सारून लोक आत डोकवायचे आणि झोपलीस का, असं विचारून तिला उठवायचे. धाप लागायला लागली तेव्हा मात्र तिनं मन घट्ट केलं आणि कडी घातली.

त्या दुपारपासून तिला भीतीनं धरलं. दुखण्याची नव्हे, दाराची. वरच्या मजल्यावरचे दगडूमामा तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. एकटा जीव. दार बंद दिसलं म्हणून सगळे धरून चालले की मामा मालवणला गेले. मंडळाच्या पोरांनी शेवटी दार फोडलं तेव्हा अंगावर घालायला चादर कमलनंच आणली होती. मामांचा एक हात दाराच्या दिशेनं लांबवलेला होता. ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती आडवी झाली की छातीतले ठोके मोजत राही आणि एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की अंगाला घाम फुटे. उठून कडी काढी, पुन्हा येऊन पडे, पुन्हा कुणीतरी आत येईल म्हणून उठून कडी घाली. विश्रांती बाजूलाच राहिली, उलट जीव जास्त दमला.

तोवर चाळीत कुजबूज सुरू झाली होती. कमलला शिष्टपणा आला, लेकीनं काहीतरी डोक्यात भरवलंय. सगळ्यांत जास्त लागलं ते शेजारच्या सुभद्राला. तिची नात रुचा शाळेतून यायची ती थेट कमलकडे. बंद दारावर टकटक करून पोर परत फिरली आणि सुभद्रानं बोलणंच टाकलं. दोघी लग्न होऊन आल्या तेव्हापासून एकमेकींच्या ताटातलं खाल्लेलं, पण कमलनं आजार काही तिला सांगितला नव्हता. सांगितलं की सगळ्यांना कळणार, आणि मग लोक आपल्याकडे आधीच गेलेल्या माणसासारखं बघणार, या धास्तीनं तिनं तोंड उघडलं नाही.

आणि एका दुपारी व्हायचं तेच झालं. छातीत धडधड सुरू झाली ती थांबेना. श्वास पुरेना. कमल उठली, पण पाय उचलेनात. चार हातांवरची कडी तिला गावाइतकी लांब वाटली. भिंतीला धरधरून पोचली, कडी काढली आणि उंबऱ्यातच बसली. गॅलरी रिकामी. एकटी सुभद्रा आपल्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं कमलकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

कमलचा सगळा धीर तिथेच सुटला. घरची मालवणी तोंडात आली.

“सुभद्रा, माका एकट्यान मराची भीती वाटता गो.”

सुपातले तांदूळ सांडले. सुभद्रानं तिला पाणी पाजलं, पाठ चोळली, गोळी शोधून दिली, मग इस्पितळातही नेलं. ठोके ताळ्यावर आले. घरी आणल्यावर मात्र तिनं सोडलं नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं म्हणून पोटभर शिव्या घातल्या, आणि घालताना स्वतःच रडत होती.

त्यानंतर जेवणं आटोपली की सुभद्रा निवडण्याचं सूप घेऊन कमलकडे येते आणि आतून कडी घालते. बाहेरून कुणी हाक मारली तर ओ देत नाही. रुचालाही टकटक करायची नाही असं बजावून ठेवलंय. पहिल्याच दुपारी कमल इतकी गाढ झोपली की तिला पंख्याचाही आवाज आला नाही.

जाग आली ती नाकाखाली काहीतरी लागलं म्हणून. सुभद्राचं बोट होतं. सुभद्रा तिच्यावर वाकली होती, स्वतःचा श्वास रोखून. कमलचे डोळे उघडले तसा तिनं हात झटकन मागे घेतला, माशी बसली होती म्हणाली.

“भियालंस गो?” कमलनं विचारलं.

सुभद्रानं पदरानं तोंड पुसलं. “रोज अशीच निजतलस काय तू?”

कमल हो म्हणाली. सुभद्रानं आपलं बसकर ओढून कमलच्या उशाशी आणलं.