चाळीसच्या पुढची थरथर

मी फौजेत व्हेइकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि विंझरला घरी आलो. गावाकडे फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या हातात बहुतेक काळ पाना होता, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बंदुकीला गोळी लागते, गोळी पोचवायला ट्रक लागतो आणि ट्रक अडला की मी लागायचो.

शेवटचं पोस्टिंग उत्तरेत, एका ट्रान्सपोर्ट कंपनीबरोबर होतं. तिथं हिर्डोशीचा ज्ञानोबा भेटला. हुद्दा नाईक, काम ड्रायव्हर. इतक्या लांब भोरकडचा माणूस भेटल्यावर ओळख वाढवावी लागत नाही. रोज पहाटे गाड्यांची फर्स्ट परेड असायची. पाणी, ऑइल, हवा, नटबोल्ट, सगळं बघायचं. बाकीचे ड्रायव्हर हे काम उरकायचे. ज्ञानोबा मात्र गाडीखाली शिरला की नाश्त्याला हाक मारावी लागे. सुट्टीवर असताना त्याने लिलावात निघालेला एक जुना लष्करी ट्रक घेतला आणि धाकट्या भावाला, सोपानला, चालवायला दिला.

पुढच्याच हिवाळ्यात ज्ञानोबा तिकडे बर्फात गेला. मी त्याच्या घरी जाऊन आलो. त्याचे वडील, नाना, ओसरीवर बसून होते. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही.

या गोष्टीला वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर सोपानचा फोन आला.

"दादा, गाडी लई थरथरतीया. गॅरेजवाल्यानं चाकं बॅलन्स केली, इंजनाखालचं फाउंडेशन रबर बदाललं. फरक न्हाई."

"मग?"

"महाडकडं माल न्यायचं काम मिळतंय. नाना म्हणत्यात, घाटात न्यायची न्हाई. म्हटलं भंगारात घालू, तर इकू बी देईनात. तुमी येऊन काय ते एकदा सांगा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सोपानची गत झाली होती. मी त्याला बजावलं, "गाडी धोक्याची निघाली तर तसं तोंडावर सांगीन. ज्ञानोबाची आहे म्हणून पास करणार नाही." मोटारसायकल काढली आणि नसरापूर, भोर करत हिर्डोशीला पोचलो.

ट्रक बघून हसू आलं. म्हातारा ट्रक नवरदेवासारखा सजवला होता. वरून हिरवा, खालून काळाकुळकुळीत. नाना दर दसऱ्याला स्वतः रंग देत, अगदी गाडीखाली झोपून.

थरथरीचं निदान पाना हातात घेऊन होत नाही. आधी गाडीत बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. धरणाच्या कडेच्या सपाट रस्त्यावर सोपानने गाडी पळवली. चाळीसपर्यंत ठीक. चाळीस ओलांडले आणि सीटखालून थरथर सुरू झाली. स्टिअरिंग मात्र शांत होतं. म्हणजे पुढच्या चाकांवर संशय नको.

"न्यूट्रल कर."

त्याने केली. इंजिनाचा आवाज उतरला, थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिनही निर्दोष. गॅरेजवाल्याने नेमकी ही दोन निर्दोष माणसं धरून ठोकली होती.

घरी येऊन मागची चाकं उचलून पाहिली. चाकं, बेअरिंग ठीक. मग राहिला प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा तो हाच. याचे दोन भाग एकात एक बसतात. ते कसे बसवायचे हे कळावं म्हणून दोन्हींवर बाणाची खूण असते. बाण समोरासमोर हवेत. इथं खूणच दिसेना. मी स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडला. दसऱ्यांचे थरावर थर निघाले. शेवटी बाण दिसले. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला.

सोपानला विचारलं, तर वर्षापूर्वी गॅरेजात शाफ्ट खोलून जॉइंट बदलला होता. रंगाखालची खूण दिसली नाही, गॅरेजवाल्याने अंदाजाने बसवला.

"नाना, इथं रंग कशाला मारला?"

"ज्ञानू म्हणायचा, फौजेत विन्स्पेक्षण आलं की दगडाला बी चुना फासत्यात. म्या त्येच्या पद्धतीनंच ठेवली की."

आम्ही खरंच फासायचो.

शाफ्ट खोलून बाण जुळवले. ब्रेक पाहिले, चेसिस पाहिली. ट्रायलला नाना स्वतः मध्ये बसले. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. गाडी गपगार. सोपान हसायला लागला.

"फिट आहे," मी म्हणालो. "घाटातही चालेल."

"न्हाई," नाना म्हणाले. "घाटात न्हाई."

सोपानने गाडी कडेला घेतली. त्याचा चेहरा पडला होता. नाना माझ्याकडे वळले.

"येक इचारू? ज्ञानूची तिकडची गाडी बी अशीच थरथरायची का? लोकं म्हणत्यात, गाडीनं दगा दिला."

इतकी वर्षं हा माणूस हेच उराशी धरून होता. मला फार वाईट वाटलं. मग जे पाहिलं तेवढं सांगितलं.

आमचा कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, खिंडीत होता. मी सगळ्यात मागे, अडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत होतो. वरून बर्फ कोसळलं आणि पुढची एक गाडी गाडली गेली. रेडिओवर आवाज आला, "स्लाइड. सगळे हॉल्ट. आत दोन जवान आहेत." ज्ञानोबा आपला ट्रक उभा करून फावडं घेऊन धावला. एका जवानाला त्याने जिवंत बाहेर काढलं. दुसऱ्यासाठी परत आत वाकला, तेव्हा पुन्हा बर्फ आलं. ज्ञानोबा आणि तो दुसरा जवान, दोघंही गेले. ज्ञानोबाचा ट्रक मी चालवत खाली आणला. त्यावर ओरखडाही नव्हता. सर्व्हिसमध्ये मी एकदाच रडलो, तो त्या स्टिअरिंगवर.

नाना एकेक विचारू लागले.

"त्येची गाडी उतारावं उबी व्हती?"

"हो."

"हँडब्रेक?"

"ओढलेला होता."

"आन् चाकं?"

"चाकांना दगड लावले, मगच पळाला. मी स्वतः ते काढले."

नानांनी मान हलवली. दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि सोपानकडे पाहिलं.

"उद्या जा घाटात. गाडी उबी केलीस की आदी दगडं लाव. त्येनं लावली व्हती."