एका खुर्चीवरची दोन राज्यं

आमच्या गल्लीत कस्तुरामावशीबद्दल एक गोष्ट पक्की ठरलेली आहे. तिनं नवऱ्याला कॉम्प्युटरच्या गेममध्ये हरवलं आणि त्या अपमानानं तो घर सोडून गेला. ही गोष्ट छबूबाईंची. छबूबाई जुन्या दिघीच्या. सांगताना त्या आधी दाराबाहेर बघतात, मग पदर तोंडाशी धरतात आणि आवाज इतका खाली आणतात की तो फक्त दोन घरं पलीकडेच ऐकू जावा. "बाईमानसानं मशीनपुढं बसून लढाया करायच्या व्हय? गेला बिचारा. कुठं गेला, कुनाला ठाव न्हाई. आमी तर त्याला दिसाचा कधी बगितलाच न्हाई."

दिवसा बघितला नाही एवढं खरं आहे. कारण ज्ञानदेवकाका दिवसा झोपलेले असतात. त्याच घरात, आतल्या खोलीत, खिडकीला काळा पडदा लावून. चाकणच्या एका कंपनीत ते कायमचे तिसऱ्या शिफ्टला आहेत. रात्री नऊला कंपनीची बस त्यांना मॅगझीन चौकातून उचलते आणि सकाळी आठला तिथंच आणून सोडते. तेव्हा छबूबाई टीव्हीपुढं असतात. आणि हरवलं म्हणाल तर तेही खोटं. डाव अजून संपलाच नव्हता. मी हे लिहितेय त्याच्या जरा आधीपर्यंत चालूच होता.

मी मिनल, समोरच्या बिल्डिंगमधली, अकरावीला. आई कामावरून येईपर्यंत माझा मुक्काम मावशीकडे असतो. मावशी भोसरीतल्या एका कंपनीच्या कँटीनला सकाळच्या शिफ्टला आहे. अंधारात निघते आणि चारला परत येते. पिशवी खुंटीला लावते, हात धुते आणि चहा ठेवायच्या आधी कॉम्प्युटर चालू करते. "तापू दे त्याला," म्हणते. कॉम्प्युटर आणि चहा साधारण एकाच वेळी तयार होतात.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत पूर्वी सायबर कॅफे होता. भिंतीवर प्लायवुडच्या कप्प्यांच्या खुणा अजून आहेत. लोकांच्या हातात मोबाईल आले तसं गिऱ्हाईक आटलं, आणि एकेक मशीन भंगारात गेलं. राहिलं ते चार नंबरचं. मावशी त्याला चार नंबरच म्हणते, आणि माणसासारखं म्हणते. "आज चार नंबरचं पोट दुखायलंय," म्हणजे आतला पंखा घरघरतोय. मॉनिटर तो जुना, पाठीला कुबड असलेला. चालू केला की 'ठण्ण' करतो आणि हाताचे केस उभे राहतात. माऊसच्या पोटात रबरी गोळी आहे. ती काढून पदराला पुसायची आणि आतल्या चाकांवरचा मळ नखानं खरवडायचा, हे काम मावशी दर गुरुवारी करते. गुरुवारी दोघांच्याही कंपन्यांना सुट्टी. त्या दिवशी डाव बंद.

गेमचं खरं नाव दोघांनाही माहीत नाही. पिंपरी कॅम्पातून आणलेल्या सीडीवर दुकानदारानं मार्करनं 'राजा' एवढंच लिहिलं होतं. पाळीपाळीनं खेळायचा गेम. शहर वसवायचं, शेत नांगरायचं, रस्ते टाकायचे, सैन्य उभं करायचं, आणि आपली पाळी झाली की खुर्चीवरून उठायचं. कॅफेच्या दिवसांत तिन्ही शिफ्टची माणसं एकाच मशीनवर एकच डाव खेळायची. पहिल्या शिफ्टचा माणूस चारला येऊन आपली पाळी करायचा, दुसऱ्या शिफ्टचा कामावर निघण्याआधी, तिसऱ्या शिफ्टचा सकाळी घरी जाताना. समोरासमोर कधी भेटायचे नाहीत, पण एकमेकांची शहरं जाळायचे. मावशी म्हणते, बायकोपोरांची नावं विसरतील पण कुणी कुणाचा पूल पाडला ते विसरत नव्हते.

ती माणसं पांगली. पद्धत राहिली, आणि ती नवराबायकोनं उचलली. काका आठला येतात, आपली पाळी खेळतात आणि झोपतात. मावशी चारला आली की तिची पाळी. पासवर्ड नाही. दुसऱ्याचा नकाशा उघडून बघायचा नाही एवढाच नियम आहे, आणि तो मोडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मी पहिल्यांदा बघायला बसले तेव्हा मला फार कीव आली होती. अर्धा नकाशा काळा. माणूस चालत जाईल तिथंच उजेड.

"मावशी, पुढं काय आहे ते दिसतच नाही."

"गेल्याबिगर कसं दिसंल?"

मी माझ्या फोनवरचा गेम दाखवला. ड्रॅगन, किल्ले, सोन्याचा पाऊस. तिनं चष्मा कपाळावर सरकवून नीट बघितलं. तेवढ्यात गेमनं टुंग केलं: गहू तयार आहे, या.

"हे कोन बोलवायलंय?"

"गेमच. दर तासाला बोलावतो. नाही गेलं तर कोणीतरी लुटतं."

"मग राज्य तू चालवायलीस का ते तुला चालवायलंय?" तिनं फोन परत दिला. "आमचं बंद केलं की राजा जिथल्या तिथं हुबा राहतो. चार दिवस ताप आला तरी हुबा. कुनी लुटत नाही. ह्याला म्हनायचं गेम. तुझं ते म्हंजी सुपरवायझर हाय."

तिची मतं सगळी अशीच, तव्यावरून काढून पानात वाढल्यासारखी. ज्यात सगळे एकाच वेळी धावतात आणि ज्याचं बोट जलद तो जिंकतो, त्या गेमला ती 'भांडन' म्हणते. घोडदळ तिला आवडत नाही, खातं फार. आधी शेत, मग रस्ता, मग भिंत, सगळ्यात शेवटी तलवार. रोज पाचशे ताटं वाढणाऱ्या बाईचं राज्य आहे ते. तिथं कुणी उपाशी झोपत नाही आणि कुणी लढायलाही फारसं उत्सुक नसतं.

काकांचं राज्य वेगळं. काका बोलतात कमी. संध्याकाळी उठून डोळे चोळत बाहेर येतात, चहा घेतात, आणि कुणी काही विचारलं तर आधी "हं" म्हणून मग ठरवतात उत्तर द्यायचं का. पण डावात त्यांनी एकामागून एक वेढे घातले. त्यांचं तत्त्वज्ञान मी एकदाच ऐकलं. "भिंत पाडायची नसती. भिंतीम्होरं बसायचं असतं. आतल्याचं धान्य सरतं." एवढं बोलून त्यांनी बिस्कीट बुडवलं.

त्यांचं एकच दुखणं. तिसरी शिफ्ट करून आलेल्या माणसाचे डोळे मिटत असतात, आणि अंथरूण आणि त्याच्यामध्ये तेवढी एक पाळी उभी असते. त्यामुळे स्क्रीनवर जी चौकट येईल तिला ते 'हो' म्हणतात. वाचत नाहीत. मागच्या हिवाळ्यात मावशीनं सहज गंमत म्हणून तहाचा प्रस्ताव टाकला: तुमची लोखंडाची खाण मला, माझा एक हत्ती तुम्हाला. काकांनी हो दाबलं आणि झोपले. संध्याकाळी उठून विचारतात, "ह्यो हत्ती कुठनं आला?" पुढं तीन आठवडे त्यांचं सैन्य लाकडी भाले घेऊन हिंडत होतं.

इथपर्यंत सगळी मजा होती. मग काकांच्या रिटायरमेंटची तारीख कळली. येत्या दिवाळीनंतर, लगेच.

काकांना गावी जायचं होतं. धाराशिवकडं त्यांचं गाव, भावाशेजारी दोन खोल्या बांधून ठेवल्यात. त्यांनी कारण सांगितलं तेही एकदाच. "अंधारात झोपायचंय मला. खरा अंधार. पडद्याचा नगं." मावशीला जायचं नव्हतं. इथं तिची कँटीनची नोकरी, विहारातल्या बायकांचा गट, हिंजवडीला लेक मैत्री. "तिथं मी ग्यानबाची बायको. इथं लोक त्येला कस्तुराबाईचा मालक म्हनतेत. मी कशाला जाऊ?"

भांडायलाही त्यांना वेळ नव्हता. संध्याकाळी एकत्र मिळणार दोन-अडीच तास, त्यात स्वयंपाक, डबा, बस. भांडण रोज अर्ध्यावर राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते कुठं थांबलं होतं हे ठरवण्यातच निम्मा वेळ जायचा. शेवटी काकाच म्हणाले, "डावात बघू. जितंल त्याचं चालंल."

मावशी म्हणाली, "चालंल."

मला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती. त्या दिवसापासून मावशी चहा गार होईपर्यंत नकाशा बघत बसायला लागली.

आणि डाव तिच्या हातून निसटत होता. काकांनी तिच्या राजधानीला वेढा घातला. नवीन लोखंड मिळवलं होतं, दगड फेकायची यंत्रं आणली होती. तिची शेतं भिंतीबाहेर राहिली. तिचं कोठार रोज उतरायला लागलं. ती जेवायला वाढत होती, पण धान्य आणायला जागा राहिली नव्हती.

"मावशी, हत्तीचं कर ना परत," मी म्हटलं. "टाक चौकट. 'तुमची राजधानी मला द्या.' काका हो दाबतील. डाव खलास, दिघी पक्की."

तिनं माझ्याकडं बघितलं. कँटीनमध्ये दुसऱ्यांदा जिलेबी मागणाऱ्याकडं बघत असेल तसं.

"झोपलेल्या मानसाकडून गाव काढून घेऊ? अन् मग जल्मभर त्येच्या म्होरं जेवू?"

"मग हरशील."

मग तिनं तहाचं पान उघडलं आणि मी कधी वापरलेला बघितला नव्हता तो खालचा पर्याय निवडला. युती. दोन्ही राज्यं एक. समोरच्यानं मान्य केलं की डाव तिथंच संपतो आणि दोघंही विजयी. तिनं ते पाठवलं. मग कॅलेंडरच्या पानाचा तुकडा फाडला, मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात 'वाचून दाबा' लिहिलं आणि मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर चिकटवलं.

"हे कशाला?" मी विचारलं. "झोपेत दाबतील ना. हे वाचलं तर जागे होतील, आणि मग कशाला हो म्हणतील? ते जिंकतायत."

"वाचून हो म्हनतील."

"शक्यच नाही. किल्ला उद्या-परवा पडतोय. जिंकणारा माणूस युती करत नाही, मावशी. कुठल्याच गेममध्ये नाही."

"लाव पैज."

"लावली. मी जिंकले तर पुढचा डाव काकांशी मी खेळणार."

"अन् मी जितले तर पान्याच्या दिवशी माझी पिंपं तू भरायची. दसऱ्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी मी चारच्या आधीच तिच्या पायरीवर बसले होते. मावशी आली, पिशवी लावली, हात धुतले. उगाचच जास्त वेळ धुतले. चार नंबरनं ठण्ण केलं, पंखा घरघरला, आणि स्क्रीनवर जुन्या, चौकोनी चौकोनी ठिपक्यांचं दारूकाम उडायला लागलं. खाली दोन झेंडे. एक तिचा, एक त्यांचा.

"झोपेत दाबलंय," मी म्हटलं.

मावशीनं बोट दाखवलं. कीबोर्डवर काकांचा चष्मा होता. गेम खेळताना ते कधीच चष्मा लावत नाहीत.

मी तरी सोडलं नाही. काका उठेपर्यंत थांबले. ते बाहेर आले, खुर्चीत बसले, चहा घेतला.

"काका, ती चौकट तुम्ही वाचली होती?"

"हं."

"पूर्ण?"

"दोनदा वाचली. इंग्रजी हाय, टाइम लागला."

"मग हो का दाबलं? किल्ला पडत होता ना."

काकांनी मावशीकडं बघितलं. मावशी पोळ्यांची कणीक मळत होती, पाठमोरी.

"पडला असता," काका म्हणाले. "मग ही आली असती गावाला. पैजेची पक्की हाय. अन् रोज तोंड पाडून बसली असती. ती काय वेढ्यात धरायची गोष्ट हाय का?"

कणकेवरचा हात थांबला. मग परत चालू झाला, जरा जोरात.

"मंग आता कुनाचं चालायचं?" मावशीनं न वळता विचारलं.

"दोघांचं."

"दोघांचं कसं? घर सोडायचं का न सोडायचं, एकच की."

"बस म्होरं. तह कर."

आणि त्यांनी खरंच तह केला. जेवायच्या आधी, दोघं पूर्ण जागे, समोरासमोर. हुरड्यापासून होळीपर्यंत काका गावी. मावशी दर बुधवारी रात्रीच्या गाडीनं जाणार आणि गुरुवारचा दिवस काढून परत. "दर बुधवारी न्हाई. एकाआड," मावशी म्हणाली. बरं, एकाआड. चौदा एप्रिलच्या जयंतीला काका दिघीत पाहिजेत. ते आधीच मान्य होतं. उन्हाळा दिघीत, कारण गावाला पाणी नाही. आणि मावशीची नोकरी सुटेल तेव्हा परत बसायचं, परत बोलायचं. काकांनी एक अट घातली: दिघीच्या घराशेजारच्या रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आतल्या खोलीत येतो, त्या खिडकीला लाकडी दार करायचं. मावशीनं एक घातली: गावाकडं गेल्यावर तिथल्या लोकांपुढं तिला नावानं हाक मारायची. कस्तुरा. ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

काकांनी मान डोलावली. "हं," म्हणाले.

बस यायला अजून वेळ होता, पण काका लवकर निघाले. मावशी दारापर्यंत गेली.

राहिला माझा विषय. दिघीला पाणी एक दिवसाआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटे येतं. आज माझा तिसरा दिवस. दोन निळी पिंपं, एक हंडा आणि न्हाणीतली बादली. मावशी कामावर निघाली तेव्हा मी दुसरं पिंप पाऊण भरून पाइप बंद करत होते. तिनं चप्पल घालता घालता आत डोकावून बघितलं.

"काठोकाठ भर," म्हणाली. "पैज काय पाऊन हरलीस का तू?"