भरलेली वाटी

धाकटे, पत्र लिहायचं तर पाकिटावर पत्ता कुठला घालू? म्हणून तोंडीच सांगते, आणि एकदाच सांगते. तुझ्या दुकानात नवी बाई कामाला लागली आहे. आज पाहिली, तुझ्याच स्टुलावर बसली होती. दाण्यांची वाटी तोंडाशी धरून तिने तुझ्यासारखीच फुंकर मारली आणि सगळी फोलपटं तिच्याच नाकातोंडात गेली. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. शिव्या त्या दुकानदाराला घालाव्यात, तुझ्या नवऱ्याला घालाव्यात की त्या डॉक्टरला, ते ठरेना, म्हणून सगळ्यांना घातल्या. तुला जरा जास्त घातल्या, कारण तू माझी आहेस.

थोरली हे सगळं स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने बोलली. घरात ऐकायला कोणी नव्हतं ते बरंच झालं. टेलिफोनच्या नोकरीत तिने जन्मभर इकडच्या माणसाचा फोन तिकडच्या माणसाला जोडून दिला होता, त्यामुळे कोणी वाक्य लांबवलं की अजूनही तिच्या कपाळाला आठी पडे. धाकटी नेमकी उलटी. तिच्याकडे एका वाक्यात तीन गोष्टी असत आणि मूळ गोष्ट शेवटी राहूनच जाई.

धाकटी पाळीव पक्ष्यांच्या दुकानात कामाला होती. मुलगी लग्न होऊन गेल्यावर रिकामं घर खायला उठतं म्हणून चार दिवस जाते म्हणाली, आणि तिथलीच झाली. दुकान अरुंद आणि खोल, बोगद्यासारखं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत पिंजरे, मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. हवा यायला एक दार, तेही थंडीने पाखरं दगावतील म्हणून अर्धं लोटलेलं. लव्हबर्ड, पोपट, तुरेवाले कॉकाटील, सगळ्यांचा मिळून एवढा कलकलाट की धाकटी घरीसुद्धा ओरडूनच बोलायची. "माझ्या नवऱ्यापेक्षा बरे," ती म्हणायची, "निदान विचारलं तर उत्तर तरी देतात."

तिचा जीव मात्र त्या दाण्यांच्या वाट्यांवर. लव्हबर्ड राळ्याचा दाणा चोचीत सोलतो, आतला गर खातो आणि फोलपट तिथेच वाटीत टाकतो. संध्याकाळपर्यंत वर नुसती फोलपटं साचतात. बघणाऱ्याला वाटी भरलेली दिसते आणि पाखरू उपाशी मरतं. असं एकदा डोळ्यांदेखत झाल्यापासून धाकटीने कोणावर विसंबणं सोडलं होतं. प्रत्येक वाटी काढायची, तोंडाशी धरायची, हलकी फुंकर मारायची, की दाणे खाली आणि फोलपटं हवेत. कोणती फुंकर किती जोराची याचं तिचं गणित पक्कं होतं. त्या फोलपटांबरोबर वाळलेल्या शिटेची पूड उडे, पिसांचा भुगा उडे. ती शिंकायची, पदराने नाक पुसायची आणि पुढची वाटी उचलायची. खालचे ट्रे ती घरच्या जुन्या उलथण्याने खरवडायची, तेही कोरडेच. ओले केले तर पत्रा गंजतो, असं मालकाचं मत.

घरी मात्र या कामाचं नाव घ्यायचं नाही असा दंडक होता. तो घातला सासूने. सून पाखरांची घाण काढते असं कळलं तर चार लोकांत मान कशी वर करायची? म्हणून कोणी विचारलं की धाकटी 'दुकानात असते' एवढंच सांगायचं. कसलं दुकान, ते समोरच्याने आपल्या मनाने ठरवावं. नवऱ्याच्या जिभेला ते इतकं वळण पडलं होतं की थोरलीसमोरसुद्धा तो "ती दुकानात गेलीय" म्हणायचा, जशी काही ती साड्यांच्या गादीवर बसायला जाते. थोरलीने त्यावर त्याला एकदा तोंडावर विचारलं होतं, की बायकोच्या पगाराला वास येतो का. तो हसला. सासू आठवडाभर थोरलीशी बोलली नाही, ते एक बरं झालं.

मग दुकानात नवी पाखरं आली. आली तीच पिसं फुलवून, डोळ्यांतून पाणी गाळत, हिरवी पातळ शीट टाकत. धाकटीने त्यांना उबेला वेगळं ठेवलं, त्यांच्या वाट्या जास्तच निगुतीने फुंकल्या. काही दिवसांनी तिचं डोकं ठणकायला लागलं. मग ताप, मग कोरडा खोकला, असा की बरगड्या धरून बसावं. तापाच्या गोळ्या झाल्या. थोरली बघायला गेली तेव्हा धाकटी भिंतीला टेकून बसली होती आणि उशाला ते उलथणं. त्याची लाकडी मूठ सैल झाली होती.

"ताई, जाता जाता सुताराकडे टाक. मूठ घट्ट करून दे म्हणावं. परवा लागेल मला."

"परवा तू उठून उभी राहा आधी."

"तू टाक गं. कटकट नको करू."

थोरलीने ते वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि कपाळाला हात लावला.

परवा कसला उजाडतोय. धाकटीला दवाखान्यात ठेवावं लागलं. निमोनिया झाला होता. डॉक्टरने खाटांमधून चालता चालता विचारलं, पेशंट काय करतात. नवरा सवयीने म्हणाला, दुकानात असतात. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला. थोरली तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभी होती. भारीतली इंजेक्शनं सुरू झाली, ताप ढिम्म हलेना. दुकानदार भेटायला आला, फळं घेऊन, चांगला माणूस असल्यासारखा. पलंगाशी उभा राहून म्हणाला, लवकर बऱ्या व्हा, पाखरं वाट बघतायत. धाकटीला तेवढ्यानेही बरं वाटलं.

तिचा चष्मा दुकानात राहिला होता. तो आणायला थोरली गेली, तर मालक पाण्याच्या भांड्यांत पिवळी पूड ढवळत होता. नाकातोंडाला दुहेरी फडकं, डोळे तेवढे उघडे.

"फडकं कशाला बांधलंय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"पाखरांच्या."

थोरलीला लांबण आवडत नसे, पण त्या दिवशी तिने एकेक शब्द ओढून काढला. पाखरांना पोपटांचा ताप आहे. माणसालाही लागू शकतो. शिटेच्या धुळीतून छातीत जातो. ट्रे ओले करा, फडकं बांधा, माणसांना सांगा, असं जनावरांचा डॉक्टर बजावून गेला होता. कधी? धाकटी अंथरुणाला खिळायच्या आधी. मग तिला का नाही सांगितलं? मालक म्हणाला, बायका बाहेर बोलतात, गिऱ्हाईक बिथरलं असतं.

"आणि दवाखान्यात आलात, फळं घेऊन? तिथे जीभ झडली होती?"

"तुम्हीच म्हणालात ना निमोनिया. मला वाटलं ते वेगळं."

थोरलीने त्याच्या हातातलं औषधाचं पाकीट हिसकावून घेतलं. चष्मा तिथेच राहिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरने पाकीट वाचलं आणि खुर्चीत नीट बसला. "पक्ष्यांचं दुकान? हे मला कोणीच सांगितलं नाही." नवरा म्हणाला, दुकानात म्हणून सांगितलं की. थोरलीला तेव्हा दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. साधं औषध होतं ते, रोजच्यातलं. लव्हबर्डांना पाण्यातून मिळत होतं, चोच बुडवली की झालं. धाकटीला त्याच संध्याकाळी सुरू केलं. पण छाती तोवर भरून गेली होती. पाखरं जगली. धाकटी गेली.

सासू दिवसांना आलेल्या बायकांना सांगत होती, सून दुकानात असायची, फार कष्टाळू. थोरलीने भरल्या घरात सांगितलं, पक्ष्यांच्या दुकानात, पक्ष्यांची शीट काढायची, आणि ते तोंडाने म्हटलं असतंत तर आज इथे बसली असती. बायका पदर सावरत उठल्या. उठू देत.

हे सगळं ओट्याला सांगून झाल्यावर थोरलीने चपला घातल्या. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून शिव्या द्यायला काही अक्कल लागत नाही. ती सरळ त्या बोगद्यात शिरली. नवी बाई पुढची वाटी तोंडाशी नेत होती. थोरलीने ती तिच्या हातातून काढून घेतली, मोरीतल्या नळाखाली धरली आणि फोलपटं वाहून जाऊ दिली.

"आधी भिजवायचं. तोंड जवळ न्यायचं नाही. नाकाला फडकं बांध. तुझ्या आधी इथे माझी बहीण होती, ती याच फुंकरीने मेली. याने सांगितलं का तुला?"

बाईने नाही म्हणून मान हलवली. मालक पुढून आला. एक गिऱ्हाईक पोपटाच्या पिंजऱ्यापाशी उभं होतं, म्हणून त्याने आवाज खाली ठेवला. ताई, ते झालं गेलं. आता सगळी बरी आहेत.

"सगळी नाही," थोरली गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

गिऱ्हाइकाने पिंजऱ्यावरचा हात काढला. नव्या बाईने ओढणीचं टोक नाकावरून घेऊन मागे गाठ मारली आणि ट्रेवर तांब्याभर पाणी ओतलं. मालक पत्र्याकडे बघत राहिला. मग बाईने इकडेतिकडे पाहून विचारलं, खरवडायला इथे एक उलथणं होतं म्हणतात, ते कुठे गेलं?

"यांच्या बहिणीने घरी नेलं असेल," मालक म्हणाला. "ताई, तुमच्याकडे आहे का हो? असलं तर द्या, काम अडतंय."

थोरलीच्या खांद्याला तीच पिशवी होती. वर्तमानपत्राची गुंडाळी तिच्या बरगडीला टोचत होती.

"नाही," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

सुताराचं दुकान परतीच्या वाटेवरच लागतं. सुतार दारातच बसला होता, त्याने ओळखून हातही वर केला. थोरली पुढे निघून गेली. मूठ अजून सैलच आहे.