ताप फक्त आईला दिसायचा

मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून वीस वर्षं काढली, की किस्से आठवावे लागत नाहीत. कपडे वाळत घालतानाही एखादा आपोआप डोक्यात येतो.

*

परीक्षा आली की आमच्याकडे पोटदुखीची साथ येते. चौथीतली एक मुलगी अशीच कण्हत आली. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन द्यावं लागेल." तिने डोळे पुसले. "गणिताचा पेपर झाल्यावर दिलात तर नाय चालणार?"

*

सहा वर्षांच्या मनूचा ताप मात्र खरा वाटायचा. श्रीवर्धनहून तिसऱ्यांदा ॲडमिट. आईला औषधांची नावं तोंडपाठ. "उद्यापासून राउंड तुम्हीच घ्या," असं डॉक्टर तिला म्हणायचे. आम्ही सिस्टर दोघीच, म्हणून ताप मोजून तक्ता भरायचं कामही तिलाच दिलं होतं. "आई असावी तर अशी!" हे मीच म्हटलं होतं.

*

आमचा वॉर्ड पुसणाऱ्या सुनंदामावशी एकदा म्हणाल्या, "सिस्टर, हिची आय आंघोलीला गेली का पोरीचा ताप जातो, आन् ती आली का येतो." आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी मनूला मुंबईला न्यायचं होतं, पाठीत सुई घालून पाणी काढायला. मला राहवेना. तीनदा मीच ताप मोजला. तीनदा नॉर्मल. मग आईच्या हातात थर्मामीटर दिला आणि पडद्याआडून पाहिलं, तर थर्मामीटर चहाच्या कपात!

धावत डॉक्टरांकडे गेले. मुंबई रद्द झाली.

*

बालकल्याण समितीच्या मॅडमनी आईला विचारलं, "का केलंत असं?"

नवरा जहाजावर. ती म्हणाली, "ही आजारी असली का हे रोज व्हिडिओ कॉल करतात. बरी झाली का फोन नाय."

मला तिचा संताप आला होता आणि तिच्यासाठी रडूही आलं. माझाही नवरा चार वर्षं मस्कतला होता. फोनची वाट बघत बसणं मला ठाऊक आहे. पण मनूच्या दोन्ही हातांवर सुयांचे डाग होते.

*

मनू आता दिघीला आत्याकडे असते. आईला तिला भेटायला परवानगी लागते. परवा शाळेत आरोग्य तपासणीला गेले, तिथे दिसली. वजन वाढलेलं, गाल भरलेले. मी कार्डावर 'तब्येत उत्तम' लिहायला घेतलं, तर तिने माझी बाही ओढली.

"सिस्टर, थोडासा ताप लिहा ना. मग आई येईल."