शाळेच्या भिंतीवरचं झाड

मी परतूरला राहते आणि तिथून रोज स्कूटीवर आष्टीच्या बाजूच्या एका गावात चित्रकला शिकवायला जाते. चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत चित्रकलेखेरीजही बरीच कामं असतात. फलक लिहायचे, पाहुणे आले की रांगोळी काढायची, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या तक्त्यावरचे आकडे दर महिन्याला बदलायचे. गावात शांतता आणायचं काम माझ्याकडे आलं तेही असंच, यादीत पुढचं म्हणून.

त्याच्या दोन वर्षं आधी गावात भांडण झालं होतं. वेशीवर कमान बांधायची ठरली आणि तिच्यावर नाव कुणाचं टाकायचं यावरून गावठाण आणि बौद्धवाडा समोरासमोर आले. दगडफेक झाली, एकाच्या डोक्याला टाके पडले, दोन मोटारसायकली फुटल्या. कमान झाली नाही. पण तेव्हापासून गावात चहाची हॉटेलं दोन झाली, पिठाच्या गिरण्या दोन झाल्या आणि दाढी करायची दुकानंही दोन झाली. शाळा तेवढी एकच राहिली, कारण दुसरी मंजूर करून आणणं सोपं नसतं. मुलं दिवसभर एका बाकावर बसायची आणि शाळा सुटली की कुंपणाच्या भिंतीपाशी येऊन दोन दिशांना पांगायची.

ती भिंत रंगवायची असं शांतता समितीच्या बैठकीत ठरलं. फौजदार म्हणाले, "मॅडम, भिंतीवर शांततेचं चित्र काढा. लोक येता-जाता बघतील, त्यावर चर्चा होईल."

"शांततेचं म्हणजे काय काढू?"

"कबुतर."

मग रंगांवर चर्चा झाली. भगवा नको, निळा नको, हिरवा नको, असं एकेकानं सांगितलं. पिवळाही नको म्हणाले. पिवळ्याला नेमकी कुणाची हरकत होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं, निळा नसेल तर आकाश कसं करू? सरपंचबाईंच्या वतीनं त्यांचे पती म्हणाले, "ढगाळ करा."

मी ढगाळ आकाशात पांढरं कबुतर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बौद्धवाड्यातली दोन माणसं मुख्याध्यापकांकडे आली. कबुतराचं तोंड आमच्या घरांकडे का? शांततेची गरज काय फक्त आम्हालाच आहे? दुपारी गावठाणातली तीन माणसं आली. कबुतर आमच्याकडे पाठ करून का चाललंय? गावातून शांतता निघून चालली, असं म्हणायचंय का? मुख्याध्यापकांनी दोन्ही तक्रारी लिहून घेतल्या आणि मला म्हणाले, "तोंड समोर करा."

समोरून बघणारं कबुतर मी त्याआधी कधी काढलं नव्हतं. ते घुबड झालं. दवाखान्यात निघालेली एक म्हातारी ते बघून अर्ध्या रस्त्यातून घरी परत गेली. संध्याकाळी शिपायानं त्याच्यावर चुना मारला. भिंतीवर नुसते ढग राहिले.

मी त्या ढगांसमोर ब्रश घेऊन उभी होते तेव्हा गावठाणातले आबा जवळ आले. सत्तरी ओलांडलेले, कपाशीची शेती, रोज नातीला न्यायला यायचे. म्हणाले, "बाई, हे कबुतरं-बिबुतरं सोडा. भिंत व्हयाच्या आधी इथं मोठा लिंब व्हता. तो काढा." कडुलिंबाला इकडे लिंबच म्हणतात.

दहा पावलांवर बौद्धवाड्यातले गुरुजी उभे होते. तेही निवृत्त झाल्यापासून नातीला न्यायला यायचे. दोघं याच शाळेत चौथीपर्यंत एका वर्गात होते. भांडणाच्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, लिंब नव्हता. चिंच होती."

आबाही माझ्याकडेच बघत म्हणाले, "त्याला म्हणावं, सत्तर वर्सं झाली मी इथं राहून राह्यलो."

"त्यांना विचारा, मी मग कुठून आलो? नांदेडहून?"

मी आबांना म्हटलं, "ते विचारतात की—"

"ऐकलं मी."

असं बराच वेळ चाललं. दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं, तरी निरोप माझ्याकडूनच जावा असा दोघांचा आग्रह होता. शेवटी माझ्याकडून निरोप पोचवायला उशीर व्हायला लागला. आबांचा धीर सुटला आणि ते थेट म्हणाले, "अरे येड्या, लिंबोळ्या पडायच्या इथं!" गुरुजी म्हणाले, "येडा तू. तुला चौथीत पण झाडं ओळखू येत नव्हती."

दोन वर्षांनंतरचं हे त्यांचं पहिलं बोलणं.

दुसऱ्या दिवशी मी कोळशानं नुसतं खोड आखून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले. दोन्ही हॉटेलांत विषय पोचला. मला वाटलं होतं गावठाण लिंब म्हणेल आणि बौद्धवाडा चिंच. तसं झालं नाही. गावठाणातली एक आजी म्हणाली, चिंचच. थोरल्याच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा याच झाडाच्या चिंचा खाल्ल्या. बौद्धवाड्यातला एक मिस्त्री म्हणाला, लिंब. आपण स्वतः त्याच्या काडीनं दात घासलेत. एका घरात बाप लिंब म्हणायचा आणि मुलगा चिंच, आणि मुलगा झाड तोडल्यावर जन्मलेला होता. शाळा सुटायच्या वेळेला भिंतीपाशी वीस-पंचवीस माणसं जमायला लागली. फौजदारांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, चर्चा सुरू झालीय.

"शांततेवर?"

"झाडावर."

"वातावरण कसंय?"

"दोन्ही बाजू ठाम आहेत," मी म्हटलं. त्यांनी एक शिपाई पाठवला. तो लिंबाच्या बाजूनं बोलून गेला.

चौथ्या की पाचव्या दिवशी आबा रंगात येऊन सगळ्यांना सांगत होते, "खाली दगडाचा पार व्हता. त्या पारावर उताणं पडलं की वर नुस्ता लिंब दिसायचा. आम्ही सगळे पोरं तिथंच बसायचो."

गुरुजी म्हणाले, "सगळे न्हाई."

आवाज मोठा नव्हता, पण लोक गप्प झाले.

"तू पारावर बसायचास. आम्हाला बसू देत नव्हते. मी मागच्या अंगाला मुळावर बसायचो, पाटी मांडीवर घेऊन. पाटीवर फुलं पडायची. पिवळी, त्यावर लाल रेघा. रोज झटकायचो. लिंबाचं फूल असं नसतं."

आबा भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "मला न्हाई आठवत."

"तुला कशाला आठवंल," गुरुजी म्हणाले. त्यांनी नातीचं दप्तर खांद्याला लावलं आणि ते गेले. हळूहळू बाकीचेही गेले. मी उरलेला वेळ खोडाच्या साली रंगवत बसले. साल दोन्ही झाडांची खडबडीतच असते.

पुढचे दोन दिवस आबा आले नाहीत. नातीला न्यायला त्यांची सून आली. मला वाटलं, संपलं. कबुतर तरी बरं होतं. त्यानं माणसं चिडली होती, पण कुणी असं गप्प झालं नव्हतं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, चुना मारून सुविचार लिहू का? ते म्हणाले, सुविचारावर पण बैठक घ्यावी लागेल.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या बऱ्याच आधी आबा आले आणि भिंतीशी उकिडवे बसले. गुरुजी आल्यावर उठून त्यांच्यासमोर गेले. भोवती चार-पाच माणसं होती. आबांनी आवाज कमी केला नाही.

"चिंचच व्हती."

गुरुजी चालायचे थांबले.

"मी दगडं मारून चिंचा पाडायचो. त्या मागं पडायच्या, तुझ्या अंगाला. तू गोळा करून पारावर फेकायचास. माझी माय म्हणायची, त्याच्या हातातून घ्यायचं न्हाई. म्हणून तू फेकायचास."

"हां," गुरुजी म्हणाले. "फेकायचो."

"तू मागं बसायचास ते आठवत व्हतं मला. त्या दिशी खोटं बोललो."

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग म्हणाले, "निम्म्या चिंचा मी ठेवून घ्यायचो. चांगल्या-चांगल्या."

"तरीच," आबा म्हणाले. "मला वाटायचं झाडालाच रोग पडलाय."

कुणीतरी हसलं, मग गुरुजी हसले. आबा हसले नाहीत. ते डोळे पुसत होते. मला ब्रश धुवायचा होता, म्हणून मी नळावर गेले.

परत आले तेव्हा नवा वाद सुरू झाला होता. आबा म्हणत होते, "बाई, झाडाखाली पार काढा, आन् याला पारावर मधोमध बसवा." गुरुजी म्हणत होते, "बिलकुल न्हाई. मला त्या पारावर आता बसायचं न्हाई. पार मोडला ते बराबर झालं. पारच नको." आबांना ते पटेना. आपण एवढं कबूल केल्यावर यानं बसायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. गुरुजी म्हणाले, "तू कबूल केलंस तर मी बसायचं, हा कुठला हिशेब?"

मी पार काढला नाही. झाड साध्या जमिनीतून वर आलं आणि भिंतीच्या दोन्ही टोकांपर्यंत पसरलं. पाला रंगवताना मुख्याध्यापक येऊन म्हणाले, हिरवा नको असं ठरलं होतं. आबा म्हणाले, "मंग काय चिंच तपकिरी करता?" मुख्याध्यापकांनी विचार केला आणि ते आत गेले.

उद्घाटन झालं तोवर फौजदारांची बदली झाली होती. नवे साहेब आले, त्यांनी फीत कापली, पर्यावरणाचा संदेश चांगला दिलाय म्हणाले आणि वृक्षारोपणावर बोलले. कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

गावात हॉटेलं अजून दोनच आहेत. गिरणी एक झाली, पण ती दुसरी नादुरुस्त पडल्यामुळे. कमानीचा विषय मध्ये ग्रामसभेत परत निघाला. तासभर बोलणं झालं, कुणी उठून गेलं नाही, कुणी दगड उचलला नाही, आणि निर्णयही झाला नाही.

परवा मी परतूरच्या स्टेशनवर बहिणीला सोडायला गेले होते. जालन्याची गाडी लागली आणि तिच्यातून आबा उतरले, डोळ्याला काळा चष्मा. त्यांच्या दंडाला धरून गुरुजी. आबांचा मुलगा जालन्याला एमआयडीसीत आहे, त्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गुरुजी सोबत गेले होते.

"पायरी हाय," गुरुजी म्हणाले.

"दिसून राह्यली मला."

"दिसून राह्यली तर पाय कुठं टाकतोस?"

मला बघून दोघं थांबले. मी विचारलं, कसं झालं ऑपरेशन. आबा म्हणाले, डाव्याचं झालं. गुरुजी म्हणाले, "उजव्याचं दिवाळीनंतर. म्हंजी मला परत जावं लागंल."