मधली एक आणि भोवतीच्या सात

समुद्रातल्या एका लाल शेवाळाची रचना हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता आणि मी राहत होते समुद्रापासून लांब, मराठवाड्यातल्या वसमतला. असं कसं, हे इतक्या लोकांनी विचारलं की पुढे पुढे मी उत्तर द्यायचंच सोडलं. माझ्या मार्गदर्शक सरांचा अभ्यास शेवाळांचा आणि जागा त्यांच्याकडेच रिकामी, एवढंच त्यात होतं.

ते शेवाळ मला एकदाच सापडलं. कोकणात, मोठ्या ओहोटीच्या एका सकाळी, कातळाच्या कपारीत. मूठभर, गडद लाल, केसांच्या बुचक्यासारखं. सरांनी भिंगातून बघितलं. म्हणाले, "हे फार जणांना मिळालेलं नाही. जपून ने." फॉर्मॅलिनची बाटली टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून मी घरापर्यंत आणली. आठवडाभरात औषधात रंग उतरला आणि ते मळकट पिवळं दिसायला लागलं.

आईनं बाटली उजेडात धरली. "यासाठी येवढ्या लांब गेलतीस व्हय?"

नोकरी वारंगा फाट्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात. सकाळी एसटी, पुढे जीप, संध्याकाळी तेच उलटं. त्यामुळे शेवाळाला मिळायचा फक्त रविवार. वीज असेल-नसेल म्हणून आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक मी ओसरीत मांडायची. आरशात ऊन धरायचं, गाजराच्या फोडीत शेवाळाचा धागा खोचायचा आणि ब्लेडनं दोन्हींचे मिळून पातळ काप काढायचे. शंभर काढावेत तेव्हा दोन-तीन बरे निघत.

त्या धाग्याला उसासारखी पेरं असतात. प्रत्येक पेरात मधोमध एक लांबट पेशी आणि तिच्याभोवती तेवढ्याच उंचीच्या पेशींचं कडं. बुडाशी वरून बारीक पेशींची साल चढते, म्हणून मोजायचं ते शेंड्याकडच्या पेरात. कड्यात पेशी किती, यावर ओळख ठरते. सरांना जी जात वाटत होती तिच्यात सहा. मला कधी सहा दिसायच्या, कधी सात. काप तिरका गेला असेल म्हणून मी सात सोडून द्यायची आणि आकृतीत सहाच काढायची. पण प्रत्येक वेळी सहा काढताना मनात खटकायचं. दोन वर्षं असं चाललं. डोळे दुखायचे, मान धरायची, आणि खरं सांगायचं तर मला त्या शेवाळाचा वीट आला होता.

एका रविवारी दुपारी मी सूक्ष्मदर्शक तसाच सोडून भिंतीला टेकून बसले. आई हळदीच्या आडतीवर निवडायला जायची. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, किडका वेगळा. तिला त्या दिवशी सुट्टी होती.

"काहून बसलीस अशी?"

"मोजता येईना."

"काय मोजायचंय?"

मी तिला नळीला डोळा लावायला सांगितलं. किती हव्यात हे मुद्दाम सांगितलं नाही. तिला सुरुवातीला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग बराच वेळ तिनं मान हलवली नाही.

"मधी एक हाय," ती म्हणाली. "आन् भवताली सात."

"सहा न्हाईत?"

"सातच हायत. एक दबून बसलीय, खालच्या अंगाला. तू घाईघाईनं बघून राहिली."

मी बघितलं. खालच्या बाजूला एक अरुंद पेशी दोघींच्या मधे चेपून बसली होती. सहा दिसायच्या तेव्हा मी तिला शेजारणीची जाड भिंत समजत होते. मला आनंद झाला नाही. आधीच्या सगळ्या आकृत्या चुकल्या, हेच आधी मनात आलं.

सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुन्हा काप. सरळ बसतील तेवढेच मोज." मी कापत राहिले. जिथे काप सरळ बसला तिथे सात निघाल्या. बाटली रिकामी होत आली. मग मी दोनदा त्याच किनाऱ्यावर जाऊन आले. कपारीत वाळू भरली होती, शेवाळ नव्हतं. नर-मादी वेगळी असलेल्या या शेवाळाचं नर रोप मिळाल्याशिवाय आणि आणखी नमुने असल्याशिवाय ही वेगळी जात आहे असं म्हणता येणार नव्हतं. प्रबंधात एवढंच लिहिलं की कड्यात सात पेशी आढळल्या, पुढील नमुने हवेत.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. "सहाऐवजी सात, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

वळवून काही सांगावं एवढी ताकद माझ्यात उरली नव्हती. "माझ्या नाही," मी म्हटलं. "आईच्या. ती हळद निवडते."

सरांनी खाली बघितलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला, कापाची उरलेली एकुलती काचपट्टी मागितली आणि खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकातून स्वतः मोजलं. "बरोबर आहे," एवढंच म्हणून त्यांनी पान उलटलं.

पदवी मिळाली. घरी आल्यावर आईनं विचारलं, "मंग झालं आता?"

"झालं."

"मंग रविवारी जरा झोपत जा."

मी व्हय म्हणाले. त्या रविवारी दुपारी आडवी झाले, पण झोप लागली नाही. उठून अकरावीचे पेपर तपासायला घेतले.