बिहीच्या घरातली ठकठक

तारूदांत गावच्या मोची आळीत बिही सपाता शिवायचा. हाताला सफाई अशी, की टाका शोधायला भिंग लागावं. माणूस मात्र घुमा. लहानपणी मामानं त्याला आधी तांबट आळीत कामाला लावलं होतं. तिसऱ्या दिवशी पोरगं पळालं आणि चामड्याकडे वळलं. चामडं केकाटत नाही ना.

त्यामागची गोष्ट बायकोला, फाद्माला, कळली तीही मामीकडून. साठ सालच्या रमजानात भूकंपानं अगादीर शहर पडलं, तेव्हा बिही सहा वर्षांचा. तो आणि थोरली बहीण इज्जा एकाच भिंतीखाली सापडले. इज्जा हाका मारत राहिली, घसा बसेपर्यंत. मग गप्प झाली ती कायमची. बिहीच्या हाताला पितळी डाव लागला होता. तो दगडावर ठोकत बसला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दगडाला कान लावला आणि त्याला ओढून काढलं. ओरडलं ते गेलं, ठोकलं ते वाचलं, एवढंच त्या पोरानं मनात धरलं.

पुढे बाप झाल्यावर त्यानं पोरांवर कधी हात उगारला नाही, डोळेही वटारले नाहीत. पण पोर रडलं की त्याचा चेहरा चुन्यासारखा व्हायचा आणि तो तसाच बाहेर पडायचा. सपाता शिवणारा, तो अनवाणी. मग फाद्माच पोरांना दटावून गप्प करायची. दोन मुलगे असे सावलीसारखे वाढले, काही हवं असलं तर नुसती टकटक करत. आळी म्हणे, "पोरं असावीत तर बिहीसारखी."

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे गेलेल्या बहिणीचं नाव ठेवलं, इज्जा. ठेवलं खरं, पण ते मोठ्यानं घ्यायला बिहीची जीभ रेटेना. तो बोटानं चौकटीवर टकटक करी, पोरगी येई. तिनंही तेच उचललं. एक ठोका पाणी, दोन ठोके रोटी. आईच्या कानाशी काय कुजबुजेल तेवढंच. बाकी शब्द नाही.

सात वर्षांची झाल्यावर शाळेत घातली. हजेरीत नाव आलं की ही बाकावर ठकठक करी. आठवडाभरात सगळा वर्ग बाकं बडवू लागला. वर्गशिक्षिका रकियाबाईंनी बिहीला बोलावलं. "सणाच्या सुट्टीपर्यंत बघते. ओ दिली नाही तर नाव कमी करावं लागेल."

बिही तडक आळीच्या भट्टीवर गेला. घरोघरचं पीठ फळीवर मांडून पोरं तिथं आणत, रोट्या भाजून नेत. इज्जाही तिथंच उभी होती. भट्टीवाला मोहंद वयानं थोरला, म्हणून सगळे त्याला दा म्हणत.

"दा, पोरगी इथं तरी बोलते का?"

"बोलते की, फळीवर. बिहीची तार आली म्हणून मी ओळखतो. तू नाही का तसंच करत? वीस वर्षं झाली, तुझा आवाज मी आज ऐकतोय."

बिहीनं खाली पाहिलं. त्याचं बोट तेव्हाही फळीवरच होतं.

"आजपासून मला लाकूड ऐकू येत नाही," दा म्हणाला. "पोरीला नावानं हाक मार, रोट्या घे. नाहीतर करपू देत."

"दा, खुळ्यासारखं करू नका."

"खुळा मी नाही."

भट्टीतून वास यायला लागला. इज्जा बापाच्या तोंडाकडे बघत होती. ते पांढरं पडत चाललं होतं. ही आता नेहमीप्रमाणे भिंतीला चिकटणार, हे बिहीला दिसलं. अगदी आपल्यासारखी. तो दाराकडे वळलासुद्धा. मग थांबला आणि सगळा जोर लावून ओरडला, "इज्जा!"

आवाज फाटला. आळीतून जाणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं. बिहीनं मान वर केली. छत जागच्या जागी होतं.

"ओ," पोरगी म्हणाली. आणि जरा थांबून, "बाबा, रोट्या करपल्या."

दोन खरंच कोळसा झाल्या होत्या. बिहीनं त्याही घेतल्या. घरी जाताना त्यानं पोरीला पहिल्यांदाच सांगितलं, तुझं नाव कुणाचं आहे ते.

सुट्टीच्या आधी इज्जानं वर्गात ओ दिली, बारीकच, पण दिली. थोरले दोघे मात्र पुढे संसाराला लागले तरी अबोलच राहिले. त्यांच्या दाराशी गेला की बिही आता मुद्दाम मोठ्यानं हाक मारतो. आतून अजून ठकठकच येते.